नवा मनुष्य



"नवा" हा शब्द आपल्या तोंडीं रोज येतो. शाळा उघडते तेव्हां नवीं पुस्तकें येतात, नव्या वह्यांना कव्हरें चढतात, वर्गांत नवे सोबती दिसतात. पाडव्याला नवें वर्ष लागतें. नाताळाला नवे कपडे शिवले जातात. पण या सर्व नव्यांत एक गोष्ट समान आहे. तें थोडे दिवस नवें राहतें आणि मग जुनें होतें. वहीचे कोपरे दुमडतात, कपड्याचा रंग उतरतो, आणि नवें वर्षही बारा महिन्यांनीं जुनें म्हणून मागें पडतें. मग पवित्र शास्त्रांत "नवा मनुष्य" असें जें म्हटलें आहे, तें कशाविषयीं?

शास्त्राच्या तासाला हा विषय निघाला म्हणजे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला असा कीं, माणसाचा स्वभाव खरोखर पालटतो काय? आपल्यांत म्हणच आहे, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं. दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. ख्रिस्ती म्हणविणारीं कित्येक माणसें चारचौघांइतकींच रागीट, लोभी आणि अभिमानी असतात. मग तीं नवीं झालीं असें कशावरून म्हणावें? हे दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि त्यांस प्रामाणिक उत्तर मिळालें पाहिजे. तें आम्ही या पाठांत शास्त्राच्या आणि इतिहासाच्या आधारानें शोधणार आहों.

१. शब्दांचा अर्थ

नवा करार मूळ ग्रीक भाषेंत लिहिलेला आहे. त्या भाषेंत "नवें" या अर्थाचे दोन शब्द आहेत. "नेऑस" म्हणजे काळानें नवें, नुकतेंच झालेलें. "कायनॉस" म्हणजे गुणानें नवें, पूर्वी ज्या प्रकारचें नव्हतें असें. हा भेद सर्वत्र काटेकोरपणें पाळलेला आढळत नाहीं, तरी तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत प्रेषित पौल ख्रिस्तांत असलेल्या माणसास नवी उत्पत्ति म्हणतो, तेथें त्यानें दुसरा शब्द घातला आहे. म्हणजे जुन्याला रंग देऊन केलेलें नवें नव्हे, तर देवानें निर्माण केलेलें निराळें जीवन.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत तो वस्त्राचा दाखला देतो. जुना मनुष्य अंगावरून उतरून ठेवावयाचा आणि नवा परिधान करावयाचा. तेथें नव्यासाठीं पहिला शब्द आहे. पण त्यास लागूनच जें क्रियारूप आलें आहे तें चालू क्रियेचें आहे. नवा मनुष्य धारण केलेला आहे, आणि तोच दिवसानुदिवस नवा होत जात आहे, असा त्या वाक्याचा भाव. या एका व्याकरणाच्या गोष्टींत आमच्या दुसऱ्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. जन्म एका घडीस होतो, वाढीस वर्षें लागतात.

आणखी एक शब्द पाहूं. मराठी शास्त्रांत आपण "पश्चात्ताप" असें वाचतों. संस्कृत शब्दाप्रमाणें त्याचा अर्थ मागून होणारा ताप. मूळ ग्रीक शब्द "मेतानोइया" आहे आणि त्याचा अर्थ मनाचा पालट. केवळ हळहळ म्हणजे मनाचा पालट नव्हे. ज्या रात्रीं प्रभु येशूला धरून नेलें, त्या रात्रीं यहूदानें त्याला शत्रूच्या हातीं दिलें आणि पेत्रानें त्याला तीन वेळां नाकारिलें. दुःख दोघांसही झालें. पण मत्तयानें यहूदाच्या दुःखास मेतानोइया म्हटलें नाहीं. तेथें त्यानें निराळाच शब्द वापरला आहे. यहूदा आपलें दुःख घेऊन अंधारांत गेला. पेत्र आपलें दुःख घेऊन प्रभूकडे परत आला.

आतां त्या म्हणीकडे वळूं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं, हें म्हणणें पौलाला मान्य झालें असतें! रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत तो हेंच सांगतो कीं, जुना मनुष्य सुधारत नसतो, तो मरावा लागतो. बाप्तिस्म्याच्या पाण्यांत उतरणें ही त्या मरणाची आणि पुरण्याची खूण, आणि पाण्यांतून वर येणें ही ख्रिस्ताबरोबर उठण्याची खूण. म्हण जेथें संपते, तेथें शुभवर्तमान सुरू होतें.

२. जक्कय : परतफेड करणारा

लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायांत यरीहो नगरांतील जक्कयाची गोष्ट आहे. तो मुख्य जकातदार होता, धनवान होता आणि ठेंगणा होता. येशूला पाहावें म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. हें लहान मुलांस आवडणारें चित्र आहे. परंतु गोष्टीचा खरा कस पुढें लागतो. प्रभु त्याच्या घरीं उतरला, तेव्हां जक्कयानें उभें राहून सांगितलें कीं, अर्धें द्रव्य गरिबांस देतों, आणि ज्याला नाडलें असेल त्याला चौपट परत करितों.

चौपट कां? मोशेच्या नियमशास्त्रांत, गणना या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत, आपण होऊन अपराध कबूल करणाऱ्यानें घेतलेली रक्कम आणि वर तिचा पांचवा हिस्सा द्यावा असें आहे. चौपट दंड निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे, आणि तो मेंढरूं चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोरास आहे. जक्कयाला कोणी पकडून आणलें नव्हतें. हलका दंड त्याच्या हक्काचा होता. त्यानें आपण होऊन चोराचा दंड घेतला. येथवर तो लोकांच्या कर्जाचा हिशेब करीत आला होता. आतां तो आपल्या कर्जाचा हिशेब करूं लागला.

एवढेंही लक्षांत घ्या कीं, प्रभु त्याच्या घरीं गेला तो जक्कयानें पैसे परत केल्यावर नव्हे, त्यापूर्वीं. कृपा आधीं आली, परतफेड मागून आली. परतफेड हें नव्या जन्माचें मोल नव्हे. तें त्याचें फळ आहे. पण झाड जिवंत असेल तर फळ आल्याखेरीज राहत नाहीं.

३. पौल : आणि त्याला "भाऊ" म्हणणारा

शौलाचें परिवर्तन सर्वांस ठाऊक आहे. स्तेफनास दगडमार झाला तेव्हां दगड मारणाऱ्यांचीं वस्त्रें राखणारा, घरोघर शिरून स्त्रीपुरुषांस तुरुंगांत घालणारा शौल दिमिष्काच्या वाटेवर प्रकाशानें आंधळा होऊन पडला. पुढें काय झालें हें मात्र पुष्कळ वाचक घाईनें वाचतात. तीन दिवस तो आंधळा आणि उपाशी होता. त्याच्याकडे हनन्या नांवाच्या शिष्याला जाण्याची आज्ञा झाली. हनन्यानें प्रथम भीति बोलून दाखविली, कारण शौल कशासाठीं आला आहे हें त्याला ठाऊक होतें. तरी तो गेला, त्यानें शौलावर हात ठेविले आणि त्याला भाऊ म्हणून हांक मारिली. ज्याला धरून नेण्यासाठीं शौल निघाला होता, त्याच्याच तोंडून त्यानें हा शब्द ऐकिला.

पुढें शौल यरुशलेमास गेला, तेव्हां तेथील शिष्य त्याला भीत होते. तो खरोखर शिष्य झाला आहे हें त्यांस पटेना. त्या वेळीं बर्णबानें त्याला जवळ घेतलें आणि प्रेषितांकडे नेलें. नंतर तो तार्सास गेला, आणि पुष्कळ काळानें बर्णबानेंच त्याला शोधून काढून अंत्युखियास आणिलें. गलतीकरांस लिहितांना पौल स्वतः अरबस्तानांत गेल्याचा आणि तीन वर्षांनीं यरुशलेमास गेल्याचा उल्लेख करितो. म्हणजे दिमिष्काच्या वाटेवरील घडी एक होती. तिच्यामागून शांतपणें वाढण्याचीं वर्षें होतीं, आणि त्या वर्षांत हनन्यासारख्या व बर्णबासारख्या माणसांचा विश्वास त्याला आधार होता.

वडील मंडळींस आमची येथें एक विनंती आहे. एखादें मूल खोटें बोललें किंवा चोरी करितांना सांपडलें, आणि मग त्याला खरेंच वाईट वाटून तें सुधारूं लागलें, तर घरांत काय ऐकूं येतें? पुष्कळदां हेंच कीं, कोळसा उगाळावा तितका काळाच. हनन्यानें असें म्हटलें असतें तर? नवा मनुष्य देव घडवितो खरा. पण त्याला उभें राहावयास जागा माणसांनीं द्यावी लागते.

४. जॉन न्यूटन : चाळीस वर्षें

आतां अवघड प्रश्नाचें उरलेलें उत्तर पाहूं, आणि त्यासाठीं इंग्लंडच्या इतिहासांतील एक चरित्र घेऊं. जॉन न्यूटन १७२५ सालीं लंडन येथें जन्मला. तो सात वर्षांचाही झाला नव्हता तों आई वारली. तरुणपणीं तो खलाशी झाला, आणि देवाची निंदा करण्यांत इतर खलाशांसही मागें टाकूं लागला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याकडे राहून त्यानें स्वतः उपासमार आणि अपमान सोसला. १७४८ च्या मार्च महिन्यांत "ग्रेहाउंड" नांवाच्या जहाजानें तो परत येत असतां अटलांटिक महासागरांत भयंकर वादळ झालें. जहाजाची बाजू फुटून पाणी आंत शिरलें. न्यूटन तासन् तास पंप मारीत होता, मग सुकाणूवर उभा होता. त्या रात्रीं पुष्कळ वर्षांनीं त्याच्या तोंडून देवाचें नांव प्रार्थना म्हणून निघालें. तो दिवस, २१ मार्च, तो पुढें जन्मभर स्मरणाचा दिवस म्हणून पाळीत असे.

गोष्ट येथें संपविली तर ती फार सुंदर दिसते. पण ती येथें संपत नाहीं. या वादळानंतर न्यूटन गुलामांच्या व्यापारांतच राहिला. १७५० ते १७५४ या काळांत त्यानें गुलामांच्या जहाजांचा कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. रविवारीं तो खलाशांस जमवून उपासना चालवीत असे; आणि त्याच वेळीं त्यांच्या पायांखालच्या मजल्यावर आफ्रिकेंतून आणलेलीं माणसें सांखळदंडांत जखडून ठेविलेलीं असत. आपण एक प्रकारचे तुरुंगाचे पहारेकरी आहों, असें त्याला कधीं कधीं वाटे व या कामाचा वीटही येई. पण हा धंदा पाप आहे, हें त्याच्या मनांत आलें नाहीं. त्या काळीं भोंवतालचे प्रतिष्ठित लोक तो सभ्य धंदा मानीत. १७५४ सालीं त्यानें समुद्र सोडला, तोही मनोदेवतेच्या टोंचणीनें नव्हे, तर एकाएकीं आलेल्या आजारामुळें.

पुढें १७६४ सालीं तो ऑल्नी गांवीं धर्मोपदेशक झाला. "अमेझिंग ग्रेस" हें जगभर गाइलें जाणारें गीत त्यानें तेथेंच १७७३ च्या वर्षारंभाच्या सभेसाठीं रचिलें. तोंवरही त्यानें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघड शब्द काढला नव्हता. १७८५ सालीं विल्यम विल्बरफोर्स हा तरुण पार्लमेंटचा सभासद त्याच्याकडे सल्ल्यास आला. ईश्वरसेवेसाठीं राजकारण सोडावें काय, असा त्याचा प्रश्न होता. न्यूटननें त्याला पार्लमेंटांतच राहून सेवा करण्यास सांगितलें. आणि १७८८ सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, न्यूटननें एक लहान पुस्तक छापून त्या व्यापारांत आपण डोळ्यांनीं पाहिलेलें आणि हातांनीं केलेलें सारें जगापुढें मांडिलें. ही कबुली फार उशिरां येत आहे, आणि जें स्मरून आतां अंगावर शहारे येतात त्यांत आपण भागीदार होतों, हें त्यानें लपविलें नाहीं. पुढें पार्लमेंटच्या समितीसमोर त्यानें साक्षही दिली. ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा १८०७ च्या मार्च महिन्यांत मंजूर झाला. न्यूटन त्याच वर्षीं डिसेंबरांत वारला.

वादळापासून त्या पुस्तकापर्यंत चाळीस वर्षें झालीं. मग १७४८ सालचा न्यूटन नवा मनुष्य नव्हता काय? त्यानें स्वतः पुढें लिहितांना सांगितलें आहे कीं, त्या वेळीं आपण पूर्ण अर्थानें विश्वासू झालों होतों असें म्हणतां येणार नाहीं. ती केवळ सुरुवात होती. आम्हांसही तेंच योग्य वाटतें. त्याच्या अंतःकरणांत दिवा लागला होता, पण घराच्या सर्व खोल्यांत उजेड पोंचला नव्हता. जिभेच्या खोलींत तो लवकर पोंचला, शिव्याशाप थांबले. उपजीविकेच्या खोलींत पोंचावयास चाळीस वर्षें लागलीं. परंतु या उशिराची किंमत न्यूटननें दिली नाहीं. ती सांखळदंडांतल्या माणसांनीं दिली. म्हणून "हळूहळू होईल" असें म्हणून स्वस्थ बसण्याची मोकळीक आपणांस नाहीं.

५. आपल्या देशांत

असे दाखले आपल्या देशांतही आहेत. दक्षिण हिंदुस्थानांतील कित्येक मंडळ्यांत बाप्तिस्मा घेतल्यावरही लोक जातीप्रमाणें निराळे बसत आणि प्रभुभोजनाच्या वेळींही जात पाळीत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं १८३३ सालीं पत्र काढून, हा भेद ताबडतोब आणि कायमचा सोडिला पाहिजे, असें बजाविलें. तेव्हां पुष्कळांनीं मंडळी सोडिली, पण जात सोडिली नाहीं. नांव नवें, आणि मनुष्य जुनाच, याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाहीं. याच्या उलट लक्ष्मीबाई टिळकांचें चरित्र पाहा. पति नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. स्वतः त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो १९०० सालीं. मधल्या वर्षांत सोंवळ्याओंवळ्याच्या कल्पना मनांतून कशा गळत गेल्या, हें त्यांनीं "स्मृतिचित्रें" या ग्रंथांत स्वतःलाच हंसत हंसत सांगितलें आहे. तो ग्रंथ प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचावा.

पंडिता रमाबाईंचा अनुभव तर आमच्या विषयाचा गाभाच आहे. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. लंडनच्या फुलहॅम भागांत या भगिनी पतित म्हणून समाजानें टाकलेल्या स्त्रियांची प्रेमानें सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांची कोणी कींव करावी, हें रमाबाईंनीं पूर्वीं पाहिलें नव्हतें. याचें कारण त्यांनीं विचारिलें, तेव्हां त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चवथ्या अध्यायांतील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यांत आली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण पुढें १९०७ सालीं छापलेल्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, तेव्हां आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यासाठीं आणखी सुमारें आठ वर्षें लागलीं. एवढी विदुषी हें उघडपणें लिहिते, यांत आम्हांस मोठें धैर्य दिसतें. आणि त्या विश्वासाचें फळ केडगांव येथें दिसलें. १८९६ सालच्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों निराधार मुली आणून त्यांस आसरा दिला. आणि फुलहॅम येथें ज्यांची सेवा पाहून त्या थक्क झाल्या होत्या, तशा स्त्रियांसाठीं तेथें "कृपासदन" उघडलें.

६. पाठाचा सारांश

या सर्व चरित्रांवरून आम्हांस चार गोष्टी दिसतात.

पहिली : नवा मनुष्य आपण होऊन होतां येत नाहीं. जक्कयाच्या घरीं प्रभु आपण होऊन गेला; शौलाला त्यानें वाटेंत गांठलें. निकदेमाला प्रभूनें वरून जन्मण्याविषयीं सांगितलें, आणि कोणतेंही बालक आपल्या खटपटीनें जन्मत नाहीं.

दुसरी : नांव, पोषाख किंवा रजिस्टरांतील धर्माचा रकाना पालटल्यानें मनुष्य पालटत नाहीं. या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. ख्रिस्ती विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट इतरांहून अधिक ध्यानांत धरावी, कारण नांवाची जबाबदारी त्यांच्यावर आहे.

तिसरी : नव्या मनुष्याची परीक्षा शेजाऱ्याच्या दारीं होते. जक्कयाची परीक्षा नाडलेल्या लोकांपाशीं झाली, न्यूटनची सांखळदंडांतल्या माणसांपाशीं, मंडळ्यांची प्रभूच्या मेजापाशीं. तुमची परीक्षा गड्याशीं, मोलकरणीशीं, वर्गांतल्या दुबळ्या मुलाशीं तुम्ही कसे बोलतां, यांत रोज होत आहे.

चवथी : वाढ रोजची आहे. प्रार्थना, शास्त्राचें वाचन, चांगल्यांची संगत आणि जें कळलें तें लगेच आचरणांत आणणें, हीं तिचीं साधनें आहेत. यांतील शेवटचें साधन सर्वांत दुर्लक्षित आहे. कळलेलें पुढें ढकलीत गेलों, म्हणजे कळणेंही हळूहळू बंद होतें.

मुलांनो, न्यूटनच्या पायांखालीं काय चाललें होतें, हें आज आपणांस दोन शतकांनंतर लख्ख दिसतें. आपल्या पायांखालीं काय चाललें आहे, हें आपणांस दिसतें काय? ज्या गोष्टीस भोंवतालचे सर्व लोक सभ्य म्हणतात, तिच्याकडे प्रभूच्या उजेडांत एकदां वांकून पाहावें. आणि तेथें कोणी जखडलेलें आढळलें, तर चाळीस वर्षें थांबूं नये. देव तुम्हांस ती दृष्टि आणि तें धैर्य देवो.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न

१. हळहळ आणि मनाचा पालट यांत काय अंतर आहे? पेत्र आणि यहूदा यांच्या उदाहरणांनीं स्पष्ट करा.

२. जक्कयानें नियमाप्रमाणें लागणाऱ्या दंडाहून अधिक कां दिलें असावें?

३. हनन्या शौलाकडे गेला नसता तर काय झालें असतें? तुमच्या वर्गांत अशा हनन्याची वाट पाहणारा कोणी आहे काय?

४. न्यूटनला आपल्या धंद्यांतील पाप इतकीं वर्षें कां दिसलें नाहीं? याचीं निदान दोन कारणें लिहा.

५. या आठवड्यांत कोणाचें कांहीं परत करावयाचें राहिलें आहे काय? या प्रश्नाचें उत्तर वहींत लिहूं नये. जाऊन परत करावें.